एका तुकड्यातलं वाय गुणसूत्र

मुलगी जन्मली होती आणि तिच्या वारेच्या एका तुकड्यात मुलाचे जीन चालू दिसत होते.

वार म्हणजे प्लॅसेंटा. पोटात बाळाला पोसणारी आणि बाळंतपणानंतर पडणारी. ती आईची असते असं बहुतेकांना वाटतं, पण तिचा मोठा भाग बाळाच्याच पेशींचा असतो. पेशीत जीन सगळे असतात, चालू मात्र सगळे नसतात. जो चालू असतो त्याच्या नकला, म्हणजे आरएनए, पेशीत सापडतात. त्या मोजणं हे माझं काम. आरएनए पटकन नासतो. म्हणून सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात, आईच्या संमतीने, प्रत्येक वारेचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन मी ते लगेच टिकवणाऱ्या द्रवात टाकायचे आणि पुण्याच्या लॅबमध्ये न्यायचे.

वाय गुणसूत्र मुलात असतं, मुलीत नसतं. इथे ते एकाच तुकड्यात होतं. बाकीचे तुकडे व्यवस्थित मुलीचे.

आमच्या सरांनी ग्राफ पाहिला. "मिक्स-अप आहे. दुसऱ्या कुणाचा तुकडा या नळीत गेलाय. सॅम्पल काढून टाक."

"सर, दुसऱ्या कुणाचा असेल तर तिकडचंही सॅम्पल चुकलं असणार. आधी डीएनए बघू दे."

"बघ. पण लवकर."

तुकड्याचा डीएनए आईच्या रक्ताशी ताडून पाहिला. मुलाला निम्मा डीएनए आईकडून येतो. इथे तो बरोबर निम्मा जुळला. म्हणजे तुकडा परक्या बाळंतिणीचा नव्हता. याच बाईचा मुलगा होता तो. सरांनी जुळणीचे आकडे स्वतः पुन्हा तपासले.

"जुळं असणार," ते म्हणाले. "एक सुरुवातीलाच जिरलं. वारेचा थोडा भाग तेवढा राहिला."

असं होतं. क्वचित नाही, पण कळून येत नाही.

बाई मालवणजवळच्या देवबागची. तिला सुजाता म्हणू या. नवऱ्याची मासेमारीची होडी. काही वेगळं आढळलं तर मला सांगा, असं तिने संमती देतानाच म्हटलं होतं. सरांनी एथिक्स कमिटीला विचारलं. कमिटीने होकार दिला. बाळाच्या लसीला ती रुग्णालयात आली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही बसलो. सासू बाळ घेऊन शेजारी. सासूंसमोर बोलू का, असं मी विचारलं. सुजाता म्हणाली, "त्यांकाय ऐकांदेत."

मी मूळची मालवणचीच. तरी रुग्णालयात प्रमाण मराठीतच सुरुवात केली. "सुरुवातीला पोटात दोन गर्भ होते, असं आमच्या तपासणीत दिसतंय."

सुजाताने आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "पयल्या सोनोग्राफीक डॉक्टर दोन म्हणालो. मगे म्हणालो, एकच आसा. घरात कोणाक खरा वाटला नाय. म्हणाले, तू चुकीचा ऐकलंस."

सासू बाळाला थोपटत होती. थोपटणं थांबलं.

"दुसरो झील होतो?" सुजाताने विचारलं.

"होय, मुलगा होता."

"मिया तेवा होडयेत चढलंय. जाळी उचललंय. तेना गेलो काय तो?"

इथे माझं प्रमाण मराठी संपलं. "नाय गो बाय. तुझा काय एक चुकूक नाय. असो गर्भ बहुतेक येळा आपसूकच वाढना नाय. तू पलंगार पडान ऱ्हवलं असतंस तरी ह्याच झाला असता."

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. सुजाता रडली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "इतके म्हयने मिया ह्याच मनात घेवन बसलेलंय."

सासू उठली. बाळ सुजाताच्या मांडीवर ठेवलं. "माका वाटला, पोर घाबरली हा, कायबाय बोलता," ती म्हणाली. "आता घरात मियाच सांगतंय सगळ्यांक."

अभ्यासात तो तुकडा मोजणीतून वगळला. कारण मुलगा आणि मुलगी यांची सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. मात्र संमती घेताना आम्ही आता एक प्रश्न जास्त विचारतो: सुरुवातीला तुम्हाला दोन सांगितले होते का? ज्या गोष्टीसाठी लॅबने इतकी खटपट केली, ती आम्ही विचारलं असतं तर त्या बाईने एका वाक्यात सांगितली असती.