जयवंतीकाकींनी बांधलेले तंबू

तव्यावर घावन होतं आणि क्षितिजा पायात एकच मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होती, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. आमच्या दाराला बेल आहे. तरी थापाच मारतात त्या आमच्या बिल्डिंगमागच्या वाडीतल्या जयवंतीकाकी.

काकींनी माझ्या हातात दुधी दिला आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "तुझ्या पोरीला सांग, तंबूंचे गठ्ठे बांधलेले नाहीत."

पोर माझ्या मागेच उभी होती.

"काकी, दुपारी टेम्पो येतोय!"

"येऊ दे की. टेम्पोला मी कुठे नाही म्हणते?"

क्षितिजा आणि तिचा मित्र विघ्नेश कॉलेजच्या मुलामुलींना बाराही महिने कॅम्पिंगला नेतात. फ्लॅटमध्ये तंबू ठेवायचे तर माणसांना बाहेर झोपावं लागेल, म्हणून सगळं सामान काकींच्या पडवीत असतं. बांधून द्या, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या होळी भागातल्या वाडीत त्यांचा जन्म भाजीच्या जुड्या आणि फुलांचे पुडे बांधण्यात गेला. सुटी पडलेली वस्तू दिसली की त्यांना चैन पडत नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तंबू आणि झोपायच्या पिशव्या बारदानात गुंडाळल्या, केळीच्या खोडाच्या सालीने, सोपटाने, आवळल्या आणि बाजाराचा माल पाठवताना करतात तसं वरून सढळ हाताने पाणी मारलं. मुलं जव्हारच्या बाजूला थंडीत रात्रभर शेकोटीभोवती पिशव्या वाळवत बसली. परत आल्यावर विघ्नेशने हात जोडून विचारलं, "काकी, पाणी का?"

"सुकलं असतं ना," काकी म्हणाल्या.

पावसाळ्यात त्यांनी चूक सुधारली. खताच्या गोणीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन त्यात एकेक तंबू घातला आणि सोपटाच्या अशा गाठी मारल्या की थेंब आत जायची सोय नाही. भिजलेलं सोपट आणखी आवळतं. सुरी होती, पण ती हरवू नये म्हणून काकींनी तंबूच्या घडीत ठेवली होती. तंबू शेवटपर्यंत कोरडे राहिले. मुलं राहिली नाहीत.

त्यानंतर मात्र बोट दाखवायला जागा नव्हती. थंडीत घोंगड्या सगळ्यात वर, कारण काळोख पडल्यावर कोणी पिशवी उपसत नाही. उन्हाळ्यात कोकमाची बाटली अशी ठेवायच्या की फुटली तर विघ्नेशच्याच कपड्यांवर फुटावी. पावसात सुरी बाहेर, गाठीलाच लटकवलेली. मुलं परतली की चिखलाचे तंबू काकी मोरीवर धुवायच्या, सुपारीच्या झाडांना बांधलेल्या दोरीवर चादरीसारखे टाकायच्या आणि वाळले की घडी करून ठेवायच्या.

एकदा त्यांनी क्षितिजाला विचारलं होतं, "आत उभं राहून लुगडं नेसता येतं का गं?"

"काकी, आम्ही लुगडं नाही नेसत."

"ते दिसतंच. मी तंबूचं विचारते."

क्षितिजाने मोबाइलवर फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत मुलांचे दात होते आणि मागे तंबूचा एखादा कोपरा.

या वर्षीपासून कॅम्पच्या जागेचे मालकच उभे केलेले तंबू देतात. तेव्हा जुने तंबू एका आश्रमशाळेला द्यायचे, असं मुलांनी व्हॉट्सॲपवर ठरवलं. काकी त्या ग्रुपमध्ये नाहीत. कुंपणावरून मीच सांगितलं त्यांना. त्या "बरं" म्हणाल्या आणि मोगरा खुडत राहिल्या. मला वाटलं, विषय संपला.

तो विषय आता दारात उभा होता.

"राग आलाय का तुम्हाला?" क्षितिजाने विचारलं.

"कसला राग? शाळेतल्या पोरांना मिळतायत, चांगलंच आहे."

"मग एक तुम्हाला ठेवा ना आठवण म्हणून!"

"मी काय करू? कोंबड्या कोंडू?"

"मग राहू दे, आम्ही येऊन बांधतो."

काकींनी तिच्या एका मोज्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

क्षितिजा रडकुंडीला आली. शाळेतले गुरुजी टेम्पोबरोबर यायचे होते. त्यांना काय सांगणार? मी गॅस बारीक केला, काकींना आत ओढलं आणि ताटलीत घावन वाढलं. काकींनी ते सावकाश खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत राहिल्या. वाडीत कोणाला काही मागायची त्यांना सवय नाही. मिरची हवी असली तरी वांगी देऊन नेतात. दुधी कशासाठी आला होता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"काकी, बोला आता," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे न बघता क्षितिजाला म्हणाल्या, "पिशवीत बघितले, दोरीवर बघितले. उभा कधी बघितला नाही. टेम्पो यायच्या आधी एक तंबू माझ्या अंगणात लावून दे. मी आत जरा बसते. मग सगळे बांधून देते."