हिलाल पेंटरची मरीमाय

भडगावहून गिरणेच्या काठाने खाली गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही. ज्यांना लाज वाटायला हवी, ती माणसं तिथे अजून धडधाकट आहेत.

या गावात हिलाल पेंटर राहायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीतल्या भिंती, देवळातल्या देव्या, सगळं तोच रंगवायचा. माणूस मुलखाचा अबोल. पण अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याची बायको यशोदाबाई जुलाबांनी दीड दिवसात गेली, आणि त्याच्या डोक्यात जो अंगार पेटला तो विझलाच नाही. गावाला पाणी देणारा नळ शाळेजवळ गटारातून जायचा आणि नेमका गटारातच फुटला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, सरपंच चुडामण नानांनाही. पण नानांच्या दारात स्वतःची बोअर होती. हिलालचे पाचही अर्ज त्यांच्या चहाच्या कपाखाली गेले.

"तिनं आयुष्यच तितलं व्हतं, भाऊ," नाना म्हणाले. तेव्हाच त्यांच्या थोबाडीत द्यायला हवी होती. हिलालने दिली नाही. घरी येऊन भिंतीकडे बघत बसला.

धुळ्याला रंग आणायला गेला की ब्रश पुसायला तो रद्दी आणायचा. त्या रद्दीत एकदा जुन्या विलायती चित्रांची पानं निघाली. एका चित्रात हाडांचा सापळा हापसा हापसतोय आणि पोरंबाळं भांडी घेऊन रांगेत उभी. दुसऱ्यात नदी म्हणजे चिखलाने बरबटलेला एक म्हातारा. हायस्कूलच्या लीलाधर सरांनी खालचं इंग्रजी समजावून दिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या नदीचं गटार झालं होतं, पटकीने माणसं पटापट मरत होती आणि साहेब लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. तेव्हा चित्रकारांनी त्यांची अशी रेवडी उडवली की त्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

हिलालला हे पटलं. चैत्रात त्याने शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीवर पुरुषभर उंच चित्र काढलं. नळावर ठाण मांडून बसलेली पटकीची मरी घागरीतून किडे, केस आणि मेलेली घूस ओततेय, खाली अख्खं गाव हंडे घेऊन उभं आहे, आणि चुडामण नाना तिला पंख्याने वारा घालताहेत.

पण हाताने दगा दिला. तीस वर्षं देव्याच रंगवलेला तो हात. त्याने मरीला टपोरे डोळे दिले, हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं, वर काठापदराचं लुगडं नेसवलं. हिलालच्या ते ध्यानातही आलं नाही.

मंगळवारी जाऊन बघतो तर भिंतीखाली लिंबं, दहीभात आणि कडुनिंबाचा पाला. शेजारची झुंबरबाई हात जोडून उभी. यशोदाबाई गेली त्याच आठवड्यात तिचा नातूही गेला होता.

"तिले तोंड दिधं तुम्हीन, भाऊ. आते ती शांत व्हई."

"अक्का, हाई देवी नही. हाई आपलं पाणी शे."

ऐकतो कोण? नाना आले, पंखा हातात घेतलेलं स्वतःचं भक्ताचं रूप पाहून फुशारले. आठ महिन्यांत एक अर्ज वाचायला सवड न झालेल्या या गृहस्थाने आठ दिवसांत मरीपुढे फरशीचा ओटा बांधला. नळ मात्र तसाच. हिलालने दोनदा चुन्याची बादली उचलली आणि दोन्ही वेळा बायकांनीच त्याला पिटाळून लावलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी घरोघर पितरांच्या घागरी भरून झाल्या आणि सगळं गाव ओट्याच्या पूजेला जमलं. नाना पाटावर बसले. तीर्थ द्यायचा मान चित्र काढणाऱ्याचा. हिलालने बाजूच्या नळाखाली सगळ्यांदेखत तांब्या भरला, तुळशीचं पान टाकलं आणि नानांच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं.

नानांचा हात तोंडापाशी जाऊन थांबला. त्यांनी तीर्थ डोळ्यांना लावलं आणि डोक्यावरून फिरवलं. हिलालने दुसरी पळी दिली. तीही डोक्यावर गेली.

झुंबरबाई पुढे आली. "तीरथ पितस, नाना. डोकाले चोळतस नही."

"मना उपास शे, अक्का."

"पाणीले कसाना उपास? मना नातूनी हाईच पाणी पिधं व्हतं."

जमलेल्या बायका याच पाण्याची घागर पितरांपुढे ठेवून आल्या होत्या. त्या एकेक करत ओट्याभोवती बसल्या. नानांना उठायला वाट ठेवली नाही. शेवटी नानांनी तिथूनच माणसं बोलावली, कुदळी आल्या आणि गटार उकरलं गेलं.

चार हात पाइप बदलला. दुपारच्या जेवणाआधी काम आटोपलं. बायका घरी गेल्या, तरी हिलाल तिथेच उभा होता. बाहेर काढलेला तो गंजका तुकडा त्याने उचलून नानांच्या पायाशी टाकला.

"इतलंच काम व्हतं, नाना?" तो म्हणाला. "इतलाकरता मनी यशोदा गई?"