अक्षराची कड

शाळेसाठी जुना कॅमेरा घ्यायचा होता. लोणावळ्याच्या व्यापाऱ्याने तो एका दिवसाच्या बोलीवर दिला. तपासायच्या सात बाबी वहीत लिहून मी स्टेशनवर गेलो. वेळापत्रकाच्या फळ्यासमोर कॅमेरा उभा केला, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि मागच्या दुधी काचेवर उमटलेली उलटी अक्षरं पाहिली. कोपऱ्यातली गावांची बारीक नावंही वाचता आली. ‘भिंग उत्तम’ अशी नोंद केली.

गाडीची वाट पाहणारा एक फेटेवाला म्हणाला, “मी बघू का, मास्तर? तळेगावला काचेच्या कारखान्यात असतो.”

त्याने बराच वेळ पाहिलं. “ह्या कोपऱ्यातली अक्षरं पसरल्यात.”

“कॅमेरा तिरका असेल.”

त्याने फेटा सोडला. भिंगापासून फळ्याच्या एका टोकापर्यंत ताणला, चिमटीत धरला आणि तेवढाच दुसऱ्या टोकाला लावून पाहिला. अंतर सारखंच भरलं. म्हणजे दोष भिंगाचाच होता.

“पण मला तर वाचता आलं!”

“तुमाला वाचाया येतं, म्हणून भागलं,” तो फेटा बांधत म्हणाला. “मला अक्षर वळखाया येत न्हाई. मी निस्ती त्याची कड बघतो.”

कॅमेरा परत केला तेव्हा व्यापारी उखडला. “भिंग पारखायला विलायतेहून साहेब आला होता काय?”

“नाही,” मी ताठ मानेने म्हणालो. “आमच्या मावळातलाच माणूस होता.”