पहिला घोट काकांचा

अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या शेजारी राहणारे काका कुणालाही चहा दिला की आधी त्याच कपातला एक घोट स्वतः घेत. "बघा, मी जिवंत आहे. घ्या आता." सूनबाई बिचारी ओशाळायची. आम्ही मंडळी मात्र तो उष्टा चहा मुकाट्याने प्यायचो, कारण पाठोपाठ गोष्ट यायची. तुम्हीही प्यायला असतात.

काका फौजेतले सुभेदार. तरुणपणी शांतिसेनेची निळी टोपी घालून काँगोत गेलेले. तिथे एकदा बंदूकवाल्या पोरांनी रस्त्यात ओंडके टाकून त्यांचा औषधांचा ट्रक अडवला आणि ड्रायव्हर दत्तूला धरून ठेवलं. समोरून गोळी आल्याशिवाय आपण झाडायची नाही, असा हुकूम.

"मग करणार काय? स्टोव्ह पेटवला," काका सांगायचे.

पोरांच्या म्होरक्याला विषाची शंका. आधी तू पी, म्हणाला. पोरं होती अकरा, काकांनी अकराही कपांतून घोट घेतला. बोलणी जमत आली, तेवढ्यात दुसरी टोळी उगवली. तिचं पहिलीशी हाडवैर, त्यामुळे आधीचा सगळा शब्द फुकट.

"पुन्हा चहा, पुन्हा घोट. आता मला झुडपामागे जायची निकड, आणि हात तर सगळ्यांना दिसले पाहिजेत!"

इथे आमची हसून मुरकुंडी वळायची. संध्याकाळी दत्तू सुटला. बूट तेवढे त्यांनी ठेवून घेतले.

एकदा मी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. सहज विचारलं, "दत्तू आता कुठे असतो, काका?"

ते खिडकीबाहेर बघत बोलले.

"महिन्याभराने तोच रस्ता, तोच ट्रक. मला ताप होता, म्हणून दुसरे साहेब गेले. त्यांना पोचायची घाई होती. ते थांबून बसले नाहीत." मग म्हणाले, "दत्तू तेवीस वर्षांचा होता."

मी हायवेवरून उतरायची आमची एक्झिट चुकले.

काका गेले त्या वर्षीच्या गणपतीत त्यांची नात मुलांना जमवून तीच गोष्ट सांगत होती. सगळी पोरं खिदळत होती. "देन व्हॉट हॅपन्ड टू दत्तू?" एकाने विचारलं.

"ही वेंट होम अँड गॉट मॅरिड," ती म्हणाली. "त्याला दोन मुली आहेत. आजोबांनी सांगितलंय मला."

मी तिला काही सांगितलं नाही.