नानांची अरुंधती

वैजापूरच्या नानागुरुजींइतका खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्न लागलं की ते नवरा-नवरीला मांडवाबाहेर न्यायचे, सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची बारीक अरुंधती दाखवायचे आणि ती खरोखर दिसल्याशिवाय पंगत बसू द्यायचे नाहीत. दुसरे गुरुजी हॉलच्या छताकडं बोट करून मोकळे होत. नाना म्हणत, "छतच बघायचं तर लग्न कशाला? भाडेकरार करा."

अरुंधती दिसली नाही तर माणूस सहा महिन्यांत जातो, असा जुना समज. नाना तो चवीनं वापरत. दुष्काळात आभाळ लख्ख असायचं. टँकरपाशी भांडणाऱ्यांना ते म्हणत, "पाणी नाय ना? चांदण्या बघा." बहिणीच्या लग्नात माझ्या आईला अरुंधती दिसेना. नाना सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "वहिनी, तुम्ही सहा महिन्यांच्या सोबती." आईनं नवं लुगडं घेतलं नाही, पाटल्या सुनेला देऊन टाकल्या. पुढं मोतीबिंदू निघाला, तो काढला, आई ठणठणीत राहिली. पण तोवर रोज दिवेलागणीला ती माझा हात घट्ट धरून बसायची. त्याबद्दल मी नानांना कधीच माफ केलं नाही.

मग संभाजीनगर लासूरच्या वाटेनं पसरत गेलं. त्या झगमगाटात वसिष्ठच सापडेना. नाना वऱ्हाडाला अंधाऱ्या शेतापर्यंत चालवत. त्यांची नजरही अधू झाली होती, पण कबूल करतील तर नाना कसले?

माझ्या पुतण्याचं लग्न लासूर स्टेशनला गोरज मुहूर्तावर लागलं. अंधार पडताच नानांनी बोट रोखलं. "ती बघ, ठळक हाय. अरुंधती वसिष्ठाला सोडून हलत नाय."

"गुरुजी, ती चाललीय," नवरी म्हणाली.

चाललीच होती. तिच्यामागं दुसरी, तिसरी, एका रांगेत. कुणीतरी नुकतेच वर सोडलेले उपग्रह.

"यातली तुमची कोणती?" पुतण्यानं विचारलं. वऱ्हाड खदखदून हसलं. नाना डोळे बारीक करून खरी अरुंधती शोधत राहिले. त्यांना ती सापडली नाही.

मागून आई शांतपणे म्हणाली, "नाना, सहा महिने."

त्यानंतर त्यांना लग्नाला कुणी बोलावलं नाही. सहा महिने गेले, वर्षं गेली, नाना जिवंतच. ओसरीवर उत्तरेकडं तोंड करून बसलेले असत. मी एकदा म्हणालो, "मोतीबिंदू काढून घ्या की."

"कशाला? ती रांग अजून साफ दिसावी म्हणून व्हय?"

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसू दे तसंच."