लाल औषध, पिवळं औषध

सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अर्ध्या अमरावतीची पडजीभ पाहिलेला एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहत होता. सत्तावन सालच्या फ्लूच्या साथीत तो दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सांभाळायचा. एका रोग्याला लाल औषध, पुढच्याला पिवळं. एकात खरं औषध, दुसऱ्यात नुसतं रंगीत साखरपाणी. कशात काय, ते फक्त डॉक्टरांना ठाऊक. आपल्याकडे एकाची बाटली सारं घर पितं, म्हणून तो समोरच पाजायचा आणि ओरडायचा, "आ करा! अजून! जीभ वर!" गल्लीत कुणी जांभई दिली तरी हा वाकून आत बघायचा.

"लाल द्या ना जी," लोक विनवायचे. लालच खरं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यालाही तसंच वाटायचं, तरी तो म्हणायचा, "लंबर म्हंजे लंबर!"

एक दिवस त्याची बायको तापाने फणफणत रांगेत आली. तिच्या नंबराला पिवळं आलं. मागे मी होतो, तापलेलाच.

"भाऊ, माह्यं लाल वहिनीले द्या," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पिवळं तिला पाजलं आणि अगदी हळू म्हणाला, "आ कर."

त्याच आठवड्यात ती गेली. मी लाल पिऊन बरा झालो. त्यानंतर मी दिसलो की तो मान फिरवायचा.

साथ ओसरल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की खरं औषध पिवळंच होतं.

तो ताडकन उठला.

"मंग ते गेली काहून?"