फळ्यावरच्या दोन रेघा

बायको जाऊन सात महिने झाले. ही हकिकत तिच्या तोंडची. चारचौघांत तीच सांगायची, मी मान हलवायचो. आता मलाच लिहायला लागते. मी तिसरी नापास, चुकलं तर चुकलं.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही घोडपदेवला राहायचो. गिरणीत मस्टरवर हजेरी मांडायचं बदली काम होतं. ते सुटलं आणि मी फोर्टात एका पेढीवर शिपाई लागलो. पेढी परदेशी नोटा बदलून द्यायची. बंदरावरचे खलाशी यायचे. त्यांच्यासाठी बाहेर मराठीत एक फळा होता. सकाळी तो पुसायचा आणि कारकून सांगेल तो भाव खडूने लिहायचा, एवढं माझं काम.

सगळ्या देशांचे भाव हलायचे, दोन सोडून. सिलोन एक रुपया, ब्रह्मदेश एक रुपया. रोज. मला आधी वाटलं, कारकून आळशी आहे. मग एक दिवस सिलोनचा खलाशी आला. बोट रंगूनला चाललेली, त्याला तिथले पैसे हवे होते. तिथल्या रुपयाला क्याट म्हणतात. त्याने चाळीस सिलोनी रुपये ठेवले, कारकुनाने नोटा बदलायचा आपला बट्टा वेगळा घेतला आणि चाळीस क्याट पुढे केले. मी बघतच राहिलो. एक देश मिठाच्या खड्यासारखा समुद्रात पडलेला, दुसरा पार कलकत्त्याच्या पलीकडे. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि पैसा एकास एक! इकडे आमच्या रस्त्यावर एका मुंबईवरून डोकी फुटत होती.

रोज तेच लिहायचा कंटाळा आला. सिलोनपुढे १ लिहायचो आणि खाली ब्रह्मदेशापुढे दोन उभ्या रेघा मारायचो. मस्टरवर 'वरच्यासारखंच' म्हणून आम्ही तशाच मारायचो. हाताची सवय.

त्यातच सासरे रंगूनहून आले. बायको सात वर्षांची असताना ते तिकडच्या गोदीत सुतारकामाला गेले होते. मधल्या जपानच्या लढाईत त्यांचं काही कळलंच नव्हतं. आता कायमचं आलो म्हणाले. कायद्याने आणता येतात तेवढे क्याट कमरेच्या पट्ट्यात होते. गावी घरावर कौलं घालायची आणि बसायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. बायको त्यांच्या मागून मागून फिरत होती. म्हातारा संडासला गेला तरी गॅलरीत उभी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर सासरे भिंतीकडे तोंड करून बसलेले. ताट तसंच.

"बोटीचं बघा जावईबापू," म्हणाले. "परत जातो."

"मामा, काल तर कायमचे आलात!"

"निम्मं झालं. आता वरचं निम्मं मिळवायला नको?"

मला काही उमजेना. बायको डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या पेढीवर जाऊन आले बाबा. पलीकडच्या फुटपाथवरून भाव वाचला आणि तसेच फिरले."

"आत का नाही आलात?"

"जावयासमोर कमरेचा पट्टा सोडू?" म्हातारा चिडला. "आणि कशाला येऊ? सिलोन पुरा रुपया, ब्रह्मदेश आठ आणे. चांगल्या दोन रेघा मारल्यात तुम्ही!"

जुन्या हिशेबात दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया. मीही शाळेत तेच शिकलो होतो. नवे पैसे आले तरी म्हाताऱ्यांचा डोळा आण्यांतच वाचायचा. कोणी म्हाताऱ्याला लुबाडलं नव्हतं, मीच लुबाडलं होतं, खडूने.

मी समजावलं. पटेना. जावई धीर द्यायला बोलतो, असं त्यांना वाटलं. बायको म्हणाली, "उद्या मी येते. माझ्या डोळ्यांना दिसू दे."

सकाळी तिघं पेढीवर गेलो. मी रेघा पुसल्या आणि ब्रह्मदेशापुढे अक्षरात लिहिलं, एक रुपया. मी मुद्दाम बाहेर थांबलो, म्हाताऱ्याने आत पट्टा सोडला. कारकुनाने नोटा घेतल्या, बट्टा कापला, बाकी एकास एक पुढे सरकवली.

"सोळा आण्याला सोळा आणे?" सासऱ्यांचा आवाज बाहेर आला.

बायको दारातूनच कारकुनाला म्हणाली, "सिलोनवाल्यांना नि ब्रह्मदेशवाल्यांना रोज कोण सांगतं हो, सारखंच ठेवा म्हणून?"

कारकून कधी हसायचा नाही, तो हसला. "कोणी नाही बाई. पूर्वी तिन्हीकडे आपलाच रुपया चालायचा. भाऊ वेगळे निघाले, माप तेच ठेवलंय. किती दिवस ठेवतील देव जाणे."

ती दारातून मागे आली. फळ्याकडे बघत राहिली, देवळात बघतात तशी. मग माझ्याकडे वळली. "एवढे मोठे देश माप सांभाळतात, आणि तुम्हाला एक आकडा लिहायचा कंटाळा? माझा बाप घालवला असता!"

घरी आल्यावर तिने पिठलं-भात केला. सासऱ्यांनी दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा मागितला. ती वाढायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत बसली. बाप जेवताना कसा दिसतो हे ती विसरून गेली होती. मला तिला भात वाढ म्हणवेना. मीच उठलो आणि वाढला.